वाचकांचे प्रश्न : रुग्णवाहिका वेळेवर आली, पण सेवा चांगली झाली का?

गेल्या अंकात १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका सेवेवर लेख प्रसिद्ध झाला, त्यानंतर आलेल्या पत्रांतून काही प्रश्न निवडून त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. २००५ साली हैदराबादेत सुरू झालेला हा क्रमांक महाराष्ट्रात २०१४ च्या जानेवारीत आला. त्या वेळी ९३७ गाड्यांची योजना होती. त्यांपैकी २३३ ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्टच्या, म्हणजे गंभीर रुग्णासाठी प्रगत उपकरणे असलेल्या एएलएस, आणि ७०४ बेसिक लाइफ सपोर्टच्या, म्हणजे प्राथमिक जीवरक्षक उपकरणे असलेल्या बीएलएस. प्रत्येक गाडीत डॉक्टर हे महाराष्ट्राच्या योजनेचे वैशिष्ट्य. बहुतेक पत्रलेखकांना गाड्या किती आहेत यापेक्षा त्यांत मिळणारी सेवा कोण तपासते, कशी तपासते आणि त्या तपासणीचे पुढे काय होते, हे जाणून घ्यायचे आहे.

प्रश्न : गाडी पोहोचण्याची सरासरी वेळ उत्तम असल्याचे आम्हांला एका बैठकीत सांगण्यात आले. प्रत्यक्षात आमच्या घरी गाडी यायला एक तास लागला. यातले खरे काय मानायचे? — एक वाचक, सातारा

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. समजा, दहा कॉलपैकी नऊ ठिकाणी गाडी दहा मिनिटांत पोहोचली आणि दहाव्या ठिकाणी तासाने पोहोचली, तर सरासरी पंधरा मिनिटे येते. तक्त्यात हा आकडा शोभून दिसतो. दहाव्या घरातील माणसे मात्र त्यात कुठेच दिसत नाहीत. म्हणून सरासरीच्या जोडीला ‘दहापैकी नऊ रुग्णांपर्यंत गाडी किती मिनिटांच्या आत पोहोचली’ हा आकडा मागावा. इंग्लंडमध्ये सर्वांत गंभीर कॉलसाठी सरासरी सात मिनिटे आणि दहापैकी नऊ कॉलसाठी पंधरा मिनिटे अशी दुहेरी मर्यादा ठेवली आहे, ती याच कारणाने.

याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की घड्याळ कोणत्या क्षणी सुरू झाले आणि कोणत्या क्षणी थांबले. फोनची घंटा वाजल्यापासून वेळ मोजली, की पत्ता लिहून झाल्यावर, की गाडीला काम सोपवल्यावर? शेवट कोणता धरला: गाडी सोसायटीच्या फाटकाशी आली तो क्षण, की डॉक्टर चौथ्या मजल्यावर रुग्णाजवळ पोहोचले तो? लिफ्ट बंद असलेल्या इमारतीत या दोन क्षणांत सहज पाच मिनिटांचे अंतर पडते, आणि हृदय बंद पडलेल्या रुग्णाच्या दृष्टीने पाच मिनिटे हा फार मोठा काळ आहे. जीपीएसमुळे गाडी कुठे होती हे कळते. डॉक्टर रुग्णाजवळ कधी पोहोचले हे त्यावरून कळत नाही, ते कोणीतरी नोंदवावेच लागते.

केवळ वेळेवर बोट ठेवले की यंत्रणा वेळ सांभाळायला शिकते, रुग्ण सांभाळायला शिकतेच असे नाही. इंग्लंडमध्ये पूर्वी गंभीर कॉलसाठी आठ मिनिटांचे उद्दिष्ट होते. ते गाठण्यासाठी एकाच रुग्णाकडे एकाहून अधिक गाड्या धाडायच्या आणि एक पोहोचली की बाकीच्या मागे बोलवायच्या, किंवा रुग्णाला झोपवून नेण्याची गरज असतानाही आधी मोटारसायकलवरचा कर्मचारी पाठवून घड्याळ थांबवायचे, अशा पद्धती तेथे रुळल्या. २०१७ साली ती व्यवस्था बदलण्यात आली. फोनवर आजार नीट समजून घ्यायला थोडा अधिक वेळ देण्यात आला आणि रुग्णाला हलवायचे असेल तर त्याला नेणारी गाडी पोहोचेपर्यंत घड्याळ चालू ठेवायचे ठरले. योगायोगाने त्याच वर्षी मुंबईत बाइक ॲम्ब्युलन्स सुरू झाल्या. दाट वस्तीत त्या उपयुक्त आहेत यात शंका नाही. परंतु बाइक पोहोचल्याची वेळ आणि स्ट्रेचरची गाडी पोहोचल्याची वेळ या दोन वेगळ्या रकान्यांत मांडल्या, तरच त्या आकड्यांना अर्थ आहे.

आणखी एक रकाना सहसा रिकामा राहतो. गाडीची वाट पाहून कंटाळलेले कुटुंब शेवटी रिक्षाने निघून गेले, तर तो कॉल ‘रद्द’ म्हणून नोंदला जातो आणि वेळेच्या हिशेबातून बाहेर पडतो. सर्वांत उशिराचे कॉलच अशा रीतीने हिशेबातून गळतात. तेव्हा पुढच्या बैठकीत रद्द झालेल्या कॉलचे प्रमाण आणि रद्द होण्यापूर्वी गेलेली मिनिटे आपण आवर्जून विचारावीत.

प्रश्न : वडील अचानक कोसळले. फोनवर ‘श्वास चालू आहे का’ असे विचारल्यावर मी ‘हो, जोरजोरात घोरत आहेत’ असे सांगितले. गाडी आली तेव्हा त्यांचे निधन झालेले होते. माझ्या उत्तरामुळे काही चुकले का? — एक वाचक भगिनी, नाशिक

नाही. आपण जे पाहिले आणि ऐकले तेच सांगितले, आणि कॉल करणाऱ्याकडून तेवढीच अपेक्षा असते. त्या ‘घोरण्याचा’ अर्थ लावणे हे फोनच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या प्रशिक्षित व्यक्तीचे काम आहे. हृदय बंद पडल्यानंतरही काही मिनिटे रुग्ण मध्येच आचका दिल्यासारखा श्वास घेतो, घशातून घरघर येते. पाहणाऱ्याला तो श्वासच वाटतो. आपल्या वडिलांच्या बाबतीत असेच घडले होते की नाही, हे पत्रावरून सांगता येणार नाही. मात्र आपला प्रश्न गुणवत्तेच्या तपासणीतील सर्वांत मोलाच्या आणि सर्वांत दुर्लक्षित भागाशी येऊन भिडतो. तो भाग म्हणजे ध्वनिमुद्रित कॉल पुन्हा ऐकणे.

जेथे हे काम गंभीरपणे होते तेथे रुग्णालयाने ‘हृदयक्रिया बंद’ असे निदान केलेला प्रत्येक रुग्ण घेऊन त्याचा मूळ कॉल काढतात आणि घड्याळ लावून ऐकतात. रुग्ण शुद्धीवर आहे का आणि श्वास नेहमीसारखा चालू आहे का, हे दोन प्रश्न विचारले गेले का? ‘नेहमीसारखा’ हा शब्द विचारण्यातून गळला तर उत्तर जवळजवळ नेहमी ‘हो’ असेच येते. ‘घोरतायत’, ‘उचकी दिल्यासारखं करतायत’, ‘मधूनच तोंड उघडतायत’ हे शब्द कानी पडताच छाती दाबण्याच्या सूचना सुरू झाल्या का, आणि झाल्या तर कितव्या सेकंदाला? छातीवर दाब मिळाला नाही, तर हृदयक्रिया बंद पडलेल्या रुग्णाची वाचण्याची शक्यता दर मिनिटाला अंदाजे सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. म्हणजे अनेकदा गाडी निघण्यापूर्वीच निकाल ठरत असतो. अमेरिकेत सिॲटलच्या परिसरातील सेवेचे नाव या क्षेत्रात आदराने घेतले जाते, त्यात तेथील वेगवान गाड्यांइतकाच अशा कॉल ऐकण्याचा वाटा आहे.

माझे स्पष्ट मत असे, की मराठी बोलणाऱ्या कॉल सेंटरने अशा मराठी शब्दांची स्वतःची यादी प्रत्यक्ष कॉलमधूनच तयार केली पाहिजे. वऱ्हाडातला माणूस घाबरल्यावर जे सांगेल ते मालवणातला सांगणार नाही, आणि इंग्रजी प्रश्नावलीच्या भाषांतरात यांपैकी काहीच सापडणार नाही.

प्रश्न : मी रुग्णवाहिकेवर डॉक्टर आहे. आमच्याकडे कागदपत्रांची तपासणी म्हणजे नोटीस काढण्याची तयारी असते. मग सगळे जण ‘सुरक्षित’ लिहू लागतात. याला गुणवत्ता म्हणावे का? — एक बीएएमएस डॉक्टर, विदर्भ

आपण ज्याला ‘सुरक्षित’ म्हणता ते लिहिणे तपासनिसाच्या चांगलेच ओळखीचे असते. रुग्णनोंदीचे कागद सलग चाळत गेले की रक्तदाब १२०/८०, नाडी ८०, श्वसन २० ही त्रयी पुन:पुन्हा समोर येते. तापाच्या रुग्णाची तीच, प्रसूतीच्या रुग्णाची तीच आणि मांडीचे हाड मोडून रक्तस्राव झालेल्या तरुणाचीही तीच. त्याच कागदावर पुढे ‘रुग्ण अत्यवस्थ, सलाईन सुरू केले’ असेही लिहिलेले असते. दोन्ही नोंदी एकाच वेळी खऱ्या असणे कठीण. अशा वेळी नोटीस काढणे सोपे असते. पण रक्तदाब मोजताना दंडाला बांधायचा पट्टा फाटलेला होता का, मॉनिटरची बॅटरी दोन महिने बदललेली नाही का, किंवा एका रुग्णाला उतरवल्या क्षणी पुढचा कॉल आल्याने कागद रात्री एकत्र बसून भरले गेले का, हे विचारणे अधिक फलदायी असते. माझ्या अनुभवात या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ‘हो’ अशी मिळाली आहेत आणि तिन्हींवरचा उपाय वरिष्ठांच्या हाती होता.

चूक, निष्काळजीपणा आणि बेपर्वाई यांत फरक केलाच पाहिजे. थकलेल्या माणसाच्या हातून औषधाची दोन सारखी दिसणारी ॲम्प्यूल बदलली गेली, तर त्या माणसाला दंड करून पुढची चूक टळत नाही. ती दोन औषधे वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवून टळते. सोय म्हणून सगळेच एखादी पायरी गाळू लागले असतील, तर ती पायरी का गैरसोयीची झाली हे शोधून समज द्यावी लागते. मद्य पिऊन कामावर येणे किंवा न तपासताच तपासल्याची नोंद करणे यांना मात्र शिस्तीचा बडगाच हवा, आणि तसे म्हणायला संकोच बाळगण्याचे कारण नाही.

चांगल्या तपासणीचे प्रश्न नेमके असतात. छातीत दुखणाऱ्या प्रौढ रुग्णाचा ईसीजी पोहोचल्यापासून दहा मिनिटांत काढला का? निषिद्ध नसताना ॲस्पिरिन दिले का? अर्धांगाचा झटका वाटणाऱ्या रुग्णाची रक्तशर्करा तपासली का, आणि तो शेवटचा ठीक कधी दिसला होता ही वेळ लिहिली का? ही वेळ नसेल तर गुठळी विरघळवणाऱ्या औषधाच्या साडेचार तासांच्या मुदतीचा निर्णय रुग्णालयाला घेता येत नाही. बाकी कागद कितीही सुवाच्य असला तरी त्याचा उपयोग मर्यादितच राहतो. वाटेत झालेला मृत्यू, गाडीत झालेली प्रसूती, श्वासनलिकेत नळी घालण्याचा प्रत्येक प्रयत्न आणि रुग्णाने येण्यास नकार दिलेला कॉल, हे सर्वच्या सर्व तपासावेत. उरलेल्यांतून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे काही निवडावेत. मोठ्या अधिकाऱ्याने मर्जीनुसार निवडलेली प्रकरणे ही तपासणी नव्हे.

श्वासनलिकेच्या नळीचा मुद्दा येथे जरा विस्ताराने सांगतो. अमेरिकेतील ओर्लँडो शहरात रुग्णवाहिकेत नळी घालून आणलेल्या १०८ रुग्णांची रुग्णालयाच्या दारातच तपासणी करण्यात आली, तेव्हा त्यांतील २७ जणांची नळी चुकीच्या जागी असल्याचे आढळले. हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. नळी घालणाऱ्यांपैकी कोणी मुद्दाम चूक केली नव्हती. नळी योग्य जागी आहे असेच त्यांना वाटत होते. तपासून पाहिले नसते तर कागदोपत्री बहुधा सगळ्याच नळ्या यशस्वी ठरल्या असत्या. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड सतत मोजणारे यंत्र नळीला जोडण्याचा आग्रह अशाच पुराव्यांमुळे सर्वत्र धरला जाऊ लागला. आपल्या वरिष्ठांना हे उदाहरण अवश्य सांगावे: चूक कशी झाली याचा शोध घेतला गेला, चूक कोणी केली याचा नव्हे, म्हणून उपाय सापडला.

प्रश्न : आमच्या तालुक्याला फक्त बीएलएस गाडी आहे. एएलएस मिळाल्याशिवाय दर्जा सुधारणार नाही, असे आम्ही निवेदनात लिहिले आहे. हे बरोबर आहे ना? — एक ग्रामपंचायत सदस्य, लातूर जिल्हा

अंशतः. गाडी आणि उपकरणे ही साधने झाली. त्यांतून रुग्णावर योग्य उपचार होतात का आणि रुग्ण बरा होतो का, हे पुढचे दोन टप्पे स्वतंत्रपणे तपासावे लागतात. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात १७ शहरांत या प्रश्नाचा मोठा अभ्यास झाला. हृदयाला विजेचा झटका लवकर देण्याची व्यवस्था आधीच बसवलेली असताना तिच्यावर एएलएसची भर घातली, तेव्हा हृदयक्रिया बंद पडलेल्या रुग्णांचे वाचण्याचे प्रमाण ५.० टक्क्यांवरून ५.१ टक्क्यांवर गेले, म्हणजे व्यवहारात होते तेथेच राहिले. अपघातातील गंभीर जखमींनाही एकंदरीत लाभ दिसला नाही. श्वास लागलेल्या रुग्णांमध्ये मात्र मृत्यूचे प्रमाण १४.३ टक्क्यांवरून १२.४ टक्क्यांपर्यंत उतरले. म्हणजे एएलएस निरुपयोगी नाही. ती कोणत्या रुग्णाला उपयोगी पडते याचे उत्तर आजारागणिक बदलते.

राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा ढोबळ निकष पाच लाख लोकसंख्येमागे एक एएलएस आणि एक लाखामागे एक बीएलएस असा आहे. आपली मागणी त्या निकषात बसत असेल तर ती जरूर लावून धरावी. निवेदनात मात्र आणखी दोन ओळी घालाव्यात: आहे त्या बीएलएस गाडीतील एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र), सक्शन यंत्र (घशातील स्राव ओढून काढणारे) आणि ऑक्सिजन प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला चालवून पाहिले जातात का, आणि छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी तालुक्यातच काढून तो तज्ज्ञाला दाखवण्याची सोय आहे का. गोव्यात गोमेकॉला, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाला, केंद्र करून लहान रुग्णालयांतून ईसीजी तज्ज्ञांकडे पाठवायचा आणि हृदयविकाराच्या झटक्यावरील गुठळी विरघळवणारे औषध जवळच्याच ठिकाणी द्यायचे, अशी जी घडी बसवली आहे ती आपल्या निवेदनाला अधिक बळ देईल.

प्रश्न : रस्ताच नाही तेथे मिनिटे मोजून काय उपयोग? — एक शिक्षक, नंदुरबार जिल्हा

मोजायचीच, पण रस्त्यापासून नव्हे. झोळीतून रुग्ण डांबरी रस्त्यापर्यंत आणायला दोन तास लागले आणि तेथून गाडीने वीस मिनिटांत पोहोचवले, तर ‘वीस मिनिटे’ हा आकडा खरा असूनही दिशाभूल करणारा आहे. त्रास सुरू झाल्याची वेळ आशाताईंना विचारून पहिल्या ओळीत लिहावी, म्हणजे ते दोन तास निदान कागदावर येतील आणि नर्मदेकाठच्या बोट ॲम्ब्युलन्ससारख्या सोयी कोठे वाढवायच्या, हे ठरवताना पुरावा म्हणून मांडता येतील.

प्रश्न : माझ्या भावाला नेणाऱ्या गाडीत ऑक्सिजन संपला, असे आम्हांला वाटते. रुग्णालय गाडीकडे बोट दाखवते आणि गाडीवाले रुग्णालयाकडे. तक्रार कोठे आणि कशी करावी? — एक वाचक, ठाणे

प्रथम तपशील लिहून काढावा: कोणत्या मोबाइलवरून किती वाजता फोन केला, गाडीचा क्रमांक, रुग्ण गाडीत घेतल्याची वेळ, कॅज्युअल्टीत उतरवल्याची वेळ आणि त्या वेळी हजर असलेली माणसे. फोनच्या कॉल-यादीचे छायाचित्र काढून ठेवावे. लेखी अर्ज जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे द्यावा आणि पोच घ्यावी. त्यात कॉलचे ध्वनिमुद्रण, गाडीची जीपीएस नोंद, रुग्णनोंदीचा कागद आणि त्या पाळीची उपकरण-तपासणी वही जतन करून ठेवण्याची स्पष्ट मागणी करावी. हे वाक्य विसरू नये, कारण ध्वनिमुद्रणे कायम ठेवली जात नाहीत.

उत्तर न आल्यास माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. सेवा खासगी कंपनी चालवत असली तरी, सार्वजनिक प्राधिकरणाला कायद्याने जी माहिती त्या खासगी संस्थेकडून मिळवता येते, ती २००५ च्या कायद्यातील ‘माहिती’च्या व्याख्येत येते, ‘ती कंपनीकडे आहे’ एवढेच उत्तर पुरेसे नाही. इतर रुग्णांचे वैयक्तिक तपशील मिळणार नाहीत आणि मिळूही नयेत. भावाच्या नोंदी मागताना मात्र नात्याचा पुरावा जोडावा.

कॅज्युअल्टीच्या दारात रुग्ण सोपवताना काय घडले, हे शोधणे सर्वांत अवघड असते. गाडीतील डॉक्टर तोंडी सांगतात, परिचारिका दुसरा रुग्ण सांभाळत ऐकते आणि कागदाची प्रत स्ट्रेचरच्या गादीखाली राहून जाते. त्या क्षणी ऑक्सिजनचे प्रमाण किती होते, हा आकडा दोन्ही बाजूंच्या सहीने एकाच कागदावर लिहिला गेला, तर आपल्यासारख्या कुटुंबाला दोन बोटांच्या मध्ये उभे राहावे लागणार नाही. सोपवतानाच्या अशा संयुक्त नोंदीची मागणी आपल्या अर्जात जोडावी, असे मी सुचवतो.

प्रश्न : आईला खासगी रुग्णवाहिकेने सांगलीहून मुंबईला हलवायचे आहे. निघण्यापूर्वी आम्ही काय पाहावे? — एक वाचक, सांगली

रुग्णवाहिकांसाठी एआयएस-१२५ हे मानक असून त्यात प्रथम मदत, साधी ने-आण, बीएलएस आणि एएलएस असे गाड्यांचे चार प्रकार आहेत. गाडीवर काय रंगवले आहे ते पाहू नका. नोंदणीच्या कागदावर काय आहे ते पाहा. सोबत येणाऱ्या व्यक्तीची पात्रता विचारा आणि सक्शन यंत्र आपल्यासमोर सुरू करायला सांगा.

ऑक्सिजनचा हिशेब मात्र स्वतः करावा. बी-टाइप सिलिंडरमध्ये पूर्ण भरलेला असताना सुमारे १,५०० लिटर वायू असतो. आईंना मिनिटाला चार लिटर लागत असतील तर तो ३७५ मिनिटे, म्हणजे सव्वासहा तास पुरेल. मिनिटाला दहा लिटर लागू लागले तर अडीच तासच. काटा अर्ध्यावर असेल तर या वेळाही अर्ध्या धराव्यात. वाटेतल्या कोंडीसह आठ तास धरून चालल्यास मिनिटाला चार लिटरच्या हिशेबानेही किमान दोन भरलेले सिलिंडर हवेत, आणि ते बदलण्याची चावी गाडीतच आहे ना, हे निघण्यापूर्वी हातात घेऊन पाहावे.